रत्नागिरी की चिपळूण: दोन्हीकडे अकरा-अकरा महिने राहून

साडूंचा फोन आला की हल्ली मला कळतं. तब्येत, पाऊस, मुलाचं लग्न असं सगळं बोलून झालं की ते हळूच मुद्द्यावर येतात, "मग काय ठरवू, रत्नागिरी की चिपळूण?" पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या नावावर करायचा आणि कोकणात जाऊन राहायचं, इतकं ठरलंय. विचारणारे ते एकटेच नाहीत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा अधिकार एवढाच की दोन्हीकडे मी भाड्याने राहिलोय, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, म्हणजे दोन्हींच्या साधारण मध्ये. तिथलं घर भावकीच्या वाटण्यांत अडकलंय आणि माझ्या हयातीत सुटेलसं वाटत नाही. मी घरबसल्या लोकांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स करतो. नेट चाललं की माझं भागतं. बायको शाळेत शिकवायची, आता सोडलंय. तिला वाचनालय आणि अधूनमधून नाटक लागतं. आई ऐंशीच्या पुढची. आमच्यासारखं घर असेल तर हे पुढे वाचण्यात अर्थ आहे. पोरांच्या कॉलेजसाठी कोणी ठरवत असेल तर मी त्यातला नाही.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी ७६ हजारांची होती, चिपळूण ५५ हजारांचं. पुण्याचा माणूस दोन्हींना 'गाव' म्हणतो, देवरुखचा माणूस 'शहर' म्हणतो. राहणाऱ्याला सोयीनुसार दोन्ही शब्द लागतात. रस्ता खराब असला की हे गाव असतं, भाडं सांगताना शहर.

आता लोक काय म्हणतात ते. रत्नागिरीबद्दल बाहेरचे फार चांगलं बोलतात आणि आतले बेताचं. चिपळूणचं बरोबर उलटं. रत्नागिरीला येणारा स्टेशनवरून खाली उतरताना समुद्राची रेघ बघतो आणि "स्वर्ग आहे हो" म्हणतो. रत्नागिरीत नाचणे भागात आमचे शेजारी होते, जन्म तिथलाच. त्यांना विचारलं तर म्हणाले, मांडवीच्या किनाऱ्यावर शेवटचे गेले ते मुंबईहून मेहुणे आले तेव्हा. "इथे काय आहे? पोरं सगळी पुण्याला." चिपळूणचं नाव काढलं की बाहेरचा माणूस भुवया चढवतो, "तिथे पाणी भरतं ना?" आणि चिपळूणचा माणूस मात्र बाजारपेठेचं कौतुक सांगत सुटतो. त्याची तक्रार एकच, जिल्ह्याचं जे काही येतं ते रत्नागिरीलाच जातं आणि एका कागदासाठी नव्वद किलोमीटर जावं लागतं. ही तक्रार मला रास्त वाटते.

बहुतेक पाहुणे शहर बघतात ते डिसेंबरात किंवा मे महिन्यात. राहणाऱ्याला ते जुलैतही बघावं लागतं. कपाटातल्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, तीन दिवस न वाळलेले टॉवेल, लाईट गेली की इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याचा हिशेब. यात दोन्ही गावं सारखीच, पाऊस मात्र चिपळूणला जास्त. आणि मे महिन्यात चिपळूण वाईट. चहूबाजूंनी डोंगर, मधे आपण, वाऱ्याचं नाव नाही. रत्नागिरीला संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, त्यात माणूस बरंच विसरतो. तोच वारा मग गेटची कडी, कुलूप, स्कूटर आणि फ्रिजची मागची बाजू खातो. वर्षभरात दोन कुलपं आणि एक टेबलफॅन गेला. पण गंजाला काय, तेल लावता येतं. त्यासाठी कोणी गाव सोडत नाही.

वाचनालयाच्या बाबतीत रत्नागिरी सरस, बायकोच्या मते तर वादच नाही. नगर वाचनालय १८२८ सालचं, नाटकं सावरकर नाट्यगृहात लागतात, व्याख्यानंही बरी होतात. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. पुराने त्याची पुस्तकं नेली, ते पुन्हा उभं राहिलं. २०१३ चं साहित्य संमेलनही चिपळूणला झालं होतं. तरी रोजच्या भुकेला रत्नागिरीत जास्त मिळतं, हे मान्य करतो. मासळीचंही तेच. मिरकरवाड्याचं मासळी बंदर जवळ असल्यावर दुसरं काय होणार? जून-जुलैच्या बंदीत मात्र दोन्हीकडे सुकट.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे नेहमीचं भागतं. अंगावर मोठं काही आलं की रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो. चिपळूणकर डेरवणला वालावलकर रुग्णालयात जातो, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला. आईच्या डोळ्याचं डेरवणला झालं, बरं झालं. एका अनुभवावरून काय सांगायचं, म्हणून सोडतो.

गाडीचं मात्र लक्षात घ्या. मुंबईहून येताना चिपळूण दीड-दोन तास आधी येतं. तरण्याताठ्या माणसाला ते काहीच नाही. आईला घेऊन बसलं की शेवटचे दोन तासच लांबतात. शिवाय रत्नागिरीचं स्टेशन वर पठारावर, गाव खाली. अवेळी उतरलात तर रिक्षावाला जे म्हणेल ते. हायवेसुद्धा हातखंब्याला, दहा-बारा किलोमीटर बाहेर. चिपळूणच्या तर छातीवरूनच हायवे गेलाय. चौपदरीकरणाची धूळ इतकी वर्षं खाल्ली त्यांनी, निदान एसटी तरी दारात मिळते.

आता पाण्याचं. ते टाळून चिपळूणबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल.

चिपळुणात घर बघायला गेलात तर मालकाला एकच विचारा, एकवीस साली पाणी कुठवर होतं? उत्तर तोंडाने येत नाही, हाताने येतं. कोणी गुडघ्याला हात लावतो, कोणी छातीला. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने मला स्टूल ओढून त्यावर उभं राहून शटरच्या वरची फळी दाखवली आणि म्हणाला, "पाच साली याच्या खाली होतं." म्हणजे २६ जुलै २००५. आणि फळीवरचं ते २२ जुलै २०२१. तुफान पाऊस, खाडीला भरती, वाशिष्ठी नदीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ. त्यात कोयनेवर वीज करून कोळकेवाडीकडून खाली येणारं पाणी. शेवटच्या मुद्द्यावर चहाच्या टपरीवर दोन पक्ष आहेत आणि नव्या माणसाने कुठल्याच पक्षात शिरू नये. पुरानंतर लोकांनी आंदोलन केलं, नदीतला गाळ काढायचं काम सुरू झालं. घर विकत घ्यायचं असेल तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघितल्याशिवाय विसार देऊ नका. नुसतं "आमच्याकडे कधी येत नाही हो" यावर जाऊ नका. ते खरंही असेल, पण रेषा बघा.

मी चढावर दुसऱ्या मजल्यावर राहतो. तरी जुलैत दोन-चार रात्री अशा येतात की खालची माणसं स्कूटर काढून चढावर आमच्या दारात लावतात आणि बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. एका रात्री मी खालच्या शिंप्याची चार शिवणयंत्रं जिन्यावरून वर न्यायला हात लावला होता. पाणी आलं नाही. सकाळी परत तीच यंत्रं खाली. कोणी कुरकुर केली नाही, चहा झाला, दुकान उघडलं. याचं कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांना तळमजलाच परवडतो, किंवा गुडघ्यांमुळे तळमजलाच लागतो, त्यांनी इथे थांबावं आणि सरळ रत्नागिरी घ्यावी. माझी काही हरकत नाही.

एवढं वाचून वाटेल की मी रत्नागिरीचा माणूस. मलाही तसंच वाटत होतं. समुद्र, वाचनालय, वारा, मासळी आणि पाण्याची भीती नाही, असं सगळं एका पारड्यात. मग बिघडलं कुठे?

पाहुणे.

हसू नका. डोंबिवलीत तीस वर्षं काढली, तिथे आमच्याकडे मुक्कामाला माणूस आला तर तो लग्नाला किंवा दवाखान्याला. रत्नागिरीत राहायला गेलो आणि तीन महिन्यांत मला कळलं की माझे जवळचे लोक किती आहेत. ऑक्टोबरात आम्ही गेलो. दिवाळीपासून फोन सुरू झाले. "गणपतीपुळ्याला येतोच आहोत, म्हटलं तुमच्याकडेही होऊन जाऊ." होऊन जाऊ म्हणजे दोन रात्री. मी कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा करायचो, मुक्कामाच्या तारखेला गोल. करार संपला तेव्हा मोजले, सतरा गोल. यात नुसते जेवून गेलेले धरलेले नाहीत. एक जोडपं तर असं होतं की नवरा माझ्या जुन्या ऑफिसातल्या माणसाचा मेहुणा. तो माणूस स्वतः आला नव्हता.

माणसं वाईट नव्हती. बहुतेकांनी मिठाई आणली, निघताना आईच्या पाया पडले. पण कार्यक्रम ठरलेला. शनिवारी सकाळी स्टेशन. दुपारी सुरमई, कारण रत्नागिरीत येऊन सुरमई नाही म्हणजे काय! मग थिबा पॅलेस, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, भगवती किल्ला, दीपगृह, सूर्यास्ताला भाट्ये. रविवारी आरे-वारेवरून गणपतीपुळे, वाटेत वळणावळणावर फोटो. हापूसच्या दिवसांत शिवाय पेट्या. "ओळखीचा बागायतदार बघा ना, दर जरा कमी करून." जसा काही इथल्या प्रत्येक कलमाशी माझा घरोबा.

थिबा पॅलेसचं मला पाठ झालं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केला, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. नवव्या खेपेला हे सांगताना मनात आलं, या माणसाने रत्नागिरीत तीस वर्षं काढली, मला अकरा महिने जड चाललेत. त्याच्याकडे मुक्कामाला कोणी येत नसावं.

या सगळ्यात जास्त खुपायचं ते त्यांचं मत. भाट्याला वाळूत पाय पसरून प्रत्येक जण तेच बोलायचा, "तुम्ही काय बुवा, सुखी. रोज समुद्र." त्याच दमात पुढचं, "पण वेळ कसा जातो इथे?" माझी वीस तारखेची रिटर्न्स घरी तशीच पडलेली असायची. वेळ कसा जातो हे मला त्यांना दाखवता आलं असतं, पण ते स्वतःच तो वेळ होते. बायको दोन्ही दिवस ओट्यापाशी. तिच्या व्याख्यानाचा शनिवार बुडायचा. म्हणजे ज्यासाठी रत्नागिरी घ्यायची, तेच रत्नागिरीमुळे हातचं जायचं. तिला मात्र हे माझ्याइतकं टोचलं नाही. ती म्हणते, माणसं येतात त्या घराला घर म्हणतात. अजूनही तिचं मत रत्नागिरीकडेच आहे, हे नोंदवून ठेवतो. नाहीतर हे वाचून ती फोन करून सगळ्यांना सांगेल.

कोणी विचारेल, नाही म्हणायला काय झालं? जमत असेल त्याने जरूर म्हणावं. तुमच्याकडे येणारे कमी असतील, घर मोठं असेल, स्वभाव मोकळा असेल, तर वरची सगळी तक्रार खोडून टाका आणि रत्नागिरी घ्या. हातात पूर्ण पेन्शन असलेल्या आणि दर शनिवारी पत्ते कुटायला चार माणसं हवी असलेल्या माणसाला तर तिच्यासारखं गाव नाही. साडू त्यातलेच असावेत असा मला संशय आहे. पण मग आम्हीही डिसेंबरात त्यांच्याकडे दोन रात्री जाणार, हे त्यांनी धरून चालावं.

चिपळूणला करार संपायच्या आतच आम्ही तो वाढवून घेतला. बायकोची अट, वर्षातून दोनदा चार-चार दिवस रत्नागिरीला जाऊन राहायचं, भाड्याच्या खोलीत, कोणाच्याही घरी नाही. ती अट मी पाळतो. इथे पहिल्या वर्षी कालनिर्णयवर गोल पडले तीन, त्यातला एक माझी सख्खी बहीण.

तो जुन्या ऑफिसवाल्याचा मेहुणा गेल्या हिवाळ्यात पुन्हा उगवला, सोबत त्याचे आई-वडील. गुहागरला चालले होते. चहा घेतला, आईशी बोलले, पोरांनी बाथरूम वापरलं. चाळीस मिनिटांत सगळे उठले, कारण जेवणाआधी समुद्र गाठायचा होता. गाडीत बसता बसता त्याच्या वडिलांनी काच खाली केली.

"परत येताना थांबलो असतो हो. पण चिपळुणात बघण्यासारखं काय आहे?"

परशुरामाचं देऊळ, सवतसडा, वाशिष्ठीतल्या मगरी, सगळं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"काही नाही हो," मी म्हटलं.