आठ महिने सप्लिमेंट्स खाऊन झाल्यावर: आधी डबी उलटी करून बघा

मागच्या महिन्यात थायरॉइडचा रिपोर्ट आला, टीएसएच पार तळाला आणि टी४ वर, म्हणजे कागदावर थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चाललेलं. मला ना धडधड, ना घाम, वजनही जागचं हललेलं नाही (ते तरी उतरायचं!). डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलंच विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेते ना, बायोटिन, ते बी गटातलं जीवनसत्त्व. किती? म्हटलं डबीवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. एका गोळीत की दोनात? इथे माझी बोलती बंद.

झालं असं की थायरॉइडच्या बऱ्याच टेस्ट्सच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते भरमसाट असलं की मशीनच गंडतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) याबद्दल इशारा दिलेला, हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे खोटी कमी येऊ शकते. आणि दिवसाची गरज किती, तर जेमतेम ३० मायक्रोग्रॅम! गोळ्या बंद करून चार दिवसांनी परत रक्त दिलं, सगळं नॉर्मल. बायोटिन कचऱ्यात. केस तसेही गळतच होते.

घरी येऊन सगळ्या डब्या उलट्या मांडल्या आणि भिंग घेऊन बसले. सर्व्हिंग साइज (डबीवरचा आकडा किती गोळ्या मिळून आहे ते) नावाचा प्रकार ज्याने कोणी काढलाय ना, त्याला माझा साष्टांग नमस्कार. मॅग्नेशियम ग्लायसिनेट, पुढे ठळक १५०० मिग्रॅ, मागे मुंगीच्या अक्षरात 'सर्व्हिंग: ३ कॅप्सूल', आणि त्या १५०० मध्ये खरं मॅग्नेशियम फक्त २१०, बाकी वजन त्याला जोडलेल्या ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचं. मी रोज एक घेत होते, म्हणजे ७०. नव्वदची डबी तीन महिने पुरते म्हणून मी खूश, ती खरी एका महिन्याची! वर पहिल्या महिन्यात मीच मैत्रिणींना सांगत फिरले की अगं काय झोप लागते. ७० मिलिग्रॅममध्ये. असो.

फिश ऑइलचं तेच, पुढे १०००, मागे ईपीए आणि डीएचए, म्हणजे ज्यासाठी ते घ्यायचं ती ओमेगा-३ फॅट्स, मिळून ३००. बाकी मासळीचे ढेकर.

व्हिटॅमिन डी३ बद्दल मात्र मत बदललं. आधी उपाशीपोटी घ्यायचे आणि काही होत नाही म्हणून शिव्या द्यायचे, मग कळलं हे तेलातुपात विरघळणारं, जेवणाबरोबर घ्यायचं. रक्तातली लेव्हल ११ होती, आता ३४. हे चालू ठेवणार, कारण कमी होतं ते भरलं हे कागदावर दिसतंय.

या गोळ्यांनी आयुष्य वाढतं म्हणतात, त्याचं म्हणाल तर व्हायटल नावाच्या ट्रायलमध्ये जवळपास २६,००० लोकांना पाचेक वर्षं डी३ आणि ओमेगा-३ देऊन बघितलं, २०१८ मध्ये निकाल आला, कॅन्सर किंवा हार्टचे मोठे त्रास एकूणात काही कमी झाले नाहीत. हे मी खरेदीच्या आधी वाचायला हवं होतं, पण तेव्हा मी ऑफर वाचत होते.

मॅग्नेशियमच्या ४१ कॅप्सूल उरल्यात. नियमाने तीन-तीन घेतल्या तर दोन आठवडेही पुरणार नाहीत. टाकवत नाहीत, म्हणून एकेकच घेऊन संपवतेय.