आठ महिने ग्रीन डे, शफल बंद करून

२०२५ च्या मार्चमध्ये ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवायला आला, तेव्हा भाच्याने मला ओढूनच नेलं. तोवर त्यांची चार-पाचच गाणी मला ठाऊक होती. परतताना तो म्हणाला, "आत्या, सुटी सुटी गाणी ऐकू नकोस. अख्खा अल्बम लाव. आणि शफल आधी बंद कर, गाणी उलटसुलट क्रमाने लागतात त्याने." तेव्हापासून डोंबिवली ते कुर्ला जाता-येता हेच चालू आहे.

सुरुवात 'डूकी'पासून केली. साल १९९४. विशी नुकतीच ओलांडलेली तीन पोरं, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबात वाजवत वाढलेली. मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून त्याच क्लबने त्यांना दार बंद केलं, आणि त्यानंतर हा अल्बम आला. जेमतेम चाळीस मिनिटांत चौदा गाणी. पहिला आठवडा मला सगळी सारखीच वाटली. तोच वेग, तीच गिटार. मग इअरफोन बदलले. आधीचे स्वस्तातले होते, त्यांत बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकूच येत नव्हता, आणि या बँडचा बास गेला की अर्धं गाणं गेलं. 'चम्प' संपता संपता ड्रम्स न थांबता 'लाँगव्ह्यू'त शिरतात आणि माइक डर्न्टचा बास डुलत डुलत पुढे येतो. गिटार गप्प. दिवसभर घरात लोळून कंटाळलेल्या पोराचं हे गाणं आहे, आणि तो कंटाळा शब्दांच्या आधी बासमध्येच ऐकू येतो. मग गिटार अंगावर कोसळते. हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल, अजून पुरत नाही.

'बास्केट केस'बद्दल थोडं वैयक्तिक. बँडचा गायक आणि गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँगला तरुणपणी पॅनिकचे झटके यायचे. आपल्याला काय होतंय हेच त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने त्यावर गाणं लिहिलं. कुर्ल्याच्या पुलावर गर्दी दाटली की माझ्याही छातीत धडधडतं. आधी नुसती गिटार आणि आवाज, मग ट्रे कूलचे ड्रम्स येऊन भिडतात, आणि माझी पावलं त्या ठेक्यावर पडायला लागतात. औषध नाही म्हणणार मी, पण सोबत नक्की आहे.

'इन्सॉम्नियाक' (१९९५) जास्त काळवंडलेला आणि घट्ट. मला फारसा लागला नाही. 'निम्रॉड' (१९९७) मात्र लागला. 'गुड रिडन्स' नीट कान देऊन ऐका. सुरुवातीला गिटार दोनदा चुकते, बिली जो हळूच एक शिवी पुटपुटतो, मग गाणं सुरू होतं. ती चूक त्यांनी तशीच ठेवली. गाणं इक्वेडोरला निघून गेलेल्या मैत्रिणीवरचं, नावाचा अर्थ 'पीडा टळली' असा, आणि लोक ते निरोप समारंभात डोळे पुसत वाजवतात. मला दोन्ही पटतं. त्या व्हायोलिनांमध्ये राग आणि माया वेगळी काढता येत नाही.

आता 'अमेरिकन इडियट', २००४. त्याआधी केलेल्या एका अख्ख्या अल्बमच्या टेप चोरीला गेल्या. तेच पुन्हा करत बसण्याऐवजी त्यांनी एका पोराची सलग गोष्ट सांगणारा अल्बम केला. शफलचा नियम इथे खरा कळतो. 'हॉलिडे'च्या शेवटातूनच 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स'ची थरथरती गिटार उगवते. मध्ये तोडलं तर दोन्ही गाण्यांचं नुकसान. (अ‍ॅपमध्ये गाण्यांमधली पोकळी घालवायची सेटिंग असते, ती चालू ठेवा.) 'जीझस ऑफ सबर्बिया' नऊ मिनिटांचं, पाच तुकड्यांचं. ते मी उभ्याने प्रवास असला तर लावत नाही, खिडकी मिळाली तरच. आणि 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स' बिली जोच्या वडिलांवरचं आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ते कॅन्सरने गेले, तेव्हा हा दहा वर्षांचा होता. हे कळल्यानंतर ते गाणं सहज म्हणून लावणं मला जमलेलं नाही.

तक्रारही आहे. २०१२ मध्ये पाठोपाठ तीन अल्बम, सदतीस गाणी. तिन्ही दोन-दोनदा ऐकले. त्यातून एकच चांगला अल्बम निघाला असता. २०२० चा 'फादर ऑफ ऑल' सव्वीस मिनिटांत संपतो, आणि मला तेवढाही जड गेला. तिथे गाण्यातला माणूसच सापडत नाही.

'सेव्हियर्स' (२०२४) मध्ये तो परत सापडला. 'डूकी' आणि 'अमेरिकन इडियट'चा निर्माता रॉब कव्हालो इथे पुन्हा सोबत आहे, आणि गिटारचा तो भरीव आवाजही. त्यातलं 'डिलेमा' व्यसनाशी चाललेल्या झगड्यावर आहे. 'बास्केट केस'मध्ये आपल्याला काय होतंय हे न कळणारा पोरगा तीस वर्षांनी आपल्या दुखण्याचं नाव घेऊन गातोय. हे गाणं लागलं की मी आवाज दोन घरं वाढवते.