‘हप्ता सूर्य भरेल’ म्हणाले आणि आमचे १ लाख ८० हजार गेले

मागच्या आठवड्यात कंपनीतल्या एका पोराच्या हातात एक पत्रक पाहिलं आणि पोटात गोळा आला. रंग वेगळा, नाव वेगळं, मजकूर मात्र तोच: ‘१ बीएचके ११ लाखांत, हप्ता सूर्य भरणार.’ म्हणून आमच्याबाबतीत जे घडलं ते सगळं लिहितोय.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत फिटर आहे. बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, सध्या भाडं ६ हजार. गावाकडच्या ओळखीतल्या एकाने असंच पत्रक वाटणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसात नेलं. त्याने स्वतःही पैसे भरले होते, त्यामुळे शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

टेबलावर थर्माकोलची इमारत, तिच्या गच्चीवर सोलरची बोटभर पट्टी. तिथला माणूस पट्टीवर टॉर्च धरायचा, की खिडक्यांतले दिवे लागायचे. टॉर्च बाजूला घेतली की विझायचे. “वहिनी, गच्ची तुमची, ऊन फुकटचं. वीज विकून महिन्याला साडेपाच हजार तुमच्या हप्त्यात जाणार. वरचे तेवीसशे तेवढे तुम्ही भरायचे.” भाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत स्वतःचं घर! त्या रात्री आम्ही दोघं झोपलोच नाही. देव्हारा कुठे बसेल, पोरीच्या अभ्यासाचं टेबल कुठे मावेल, हेच बोलत राहिलो.

बायकोच्या पाटल्या मोडल्या, पीएफमधून काढले. तीन वेळा मिळून १ लाख ८० हजार भरले. त्यातले १ लाख २० हजार रोख, बाकी एका माणसाच्या खासगी खात्यावर यूपीआयने.

मग भूमिपूजन झालं. मोकळ्या प्लॉटवर मांडव, नारळ, पेढे, आणि लोखंडी अँगलवर उभं केलेलं एक खरं सोलर पॅनेल. सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले. मी मागच्या बाजूने गेलो तेव्हा पॅनेलच्या दोन्ही वायरी कापून टेप लावून अँगलला बांधलेल्या दिसल्या. दिवसभर जोडण्या तपासण्याचंच काम करतो मी. तरी म्हटलं, कार्यक्रमापुरतं आणलं असेल. ती टेप अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर ‘परवानगी अडकली’, ‘पावसाळ्यानंतर’, ‘बँकेचं होतंय’ असं करत वर्ष गेलं. एक दिवस शटर बंद. सातबारा काढला तर जमीन भलत्याच माणसाच्या नावावर, बिनशेतीही झालेली नाही.

हिशोब मला उशिरा कळला. आमच्या कंपनीच्या शेडवर सोलर बसवायला आलेल्या मुलाला सगळं सांगितलं, तर त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावरच मांडून दाखवलं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. चार मजली, १६ घरांची इमारत. टाकी आणि जिन्याची खोली वजा जाता गच्ची २,००० चौरस फूट धरली, तर बसणार २० किलोवॅट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे वीस किलोवॅटचे महिन्याला २,४०० युनिट. पाच रुपयांनी धरले तरी १२ हजार. १६ घरांत वाटले की घरटी साडेसातशे. आणि त्यातूनच पंप आणि जिन्याचे दिवे चालायचे! शिवाय नेट मीटरिंगमध्ये महावितरण दर महिन्याला हातात पैसे देत नाही, बिलातून युनिट वळते होतात. उरलेले पुढे ओढले जातात, आणि वर्षअखेरीस काही शिल्लक राहिलंच तर त्याला कमी दर मिळतो.

‘प्रत्येक सभासदाला ७८ हजार सबसिडी’ हे त्यांचं आश्वासनही असंच. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार मिळतात ते स्वतःच्या घरावर ३ किलोवॅट किंवा जास्त बसवणाऱ्याला. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार आहेत. दोन्हीकडे पैसे मिळतात ते सोलर चालू झाल्यावर, ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्या खात्यात. जिथे विटेवर वीट नाही तिथे कसला मीटर आणि कसली सबसिडी?

सोलरला माझा राग नाही. नीट बसवलं तर सोसायटीचं लिफ्टचं आणि पंपाचं बिल खरंच उतरतं. पण त्यावर घराचा हप्ता फिटत नाही.

पावतीवर ‘घर’ किंवा ‘बुकिंग’ हे शब्दच नव्हते. ‘सौर भांडवल वर्गणी’ असं लिहिलं होतं, आणि संस्थेच्या नावापुढे कंसात ‘नियोजित’. उपनिबंधक कार्यालयात विचारलं, तर त्या नावाची संस्था नोंदलेलीच नाही. आठपेक्षा जास्त घरं असलेला आणि ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत. म्हणजे ११ लाखांच्या घराला फार तर १ लाख १० हजार. हे मला तेव्हा माहीत असतं तर तिसरा टप्पा तरी वाचला असता. महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. आमच्या पत्रकावर फक्त उगवत्या सूर्याचं चित्र होतं.

आम्ही काही जणांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय. तिथे रोख रकमेपेक्षा यूपीआयच्या नोंदींचा जास्त उपयोग होतोय. तुमच्याकडे ‘सौर भांडवल’ लिहिलेली पावती असेल तर रागाने फाडू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळे मेसेज जपून ठेवा, आणि उरलेला टप्पा मागायला कुणी आलं तर रुपयाही देऊ नका.

त्या पोराचे २१ हजार आधीच गेलेत. उद्या सुट्टी आहे, त्याला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे.