सात महिने रोज लॉक

जूनमध्ये जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ वाचायला सुरुवात केली, आता जानेवारी. रोज सकाळी चहाबरोबर दोन-तीन परिच्छेद, हातात पेन्सिल. तत्त्वज्ञानाशी आधीची ओळख शून्य. नैसर्गिक हक्क, म्हणजे माणसाला जन्मतःच असलेले हक्क, ही काय भानगड आहे ते मुळातूनच बघू, एवढीच खाज. म्हणून लॉकचे शासनावरचे दोन प्रबंध घेतले. १६८९ साली निनावी छापलेले. आपण लेखक असल्याची कबुली लॉकने दिली ती थेट मृत्युपत्राच्या पुरवणीत.

पहिली चूक माझी. पहिला प्रबंध आधी धरला. तो सगळा रॉबर्ट फिल्मर या राजेशाहीच्या कैवाऱ्याशी भांडण्यात गेलाय: राजाची सत्ता आदमकडून वारशाने आली, या दाव्याची चिरफाड. तीन आठवड्यांत पुस्तक रद्दीत जायच्या बेताला आलं. नवख्याने सरळ दुसरा प्रबंध उघडावा.

तिथे खरी मजा आहे. निसर्गावस्थेत, म्हणजे सरकार यायच्या आधी, सगळे मोकळे आणि समान, पण ही मोकळीक म्हणजे स्वैराचार नव्हे, असं लॉक म्हणतो. वाचून हसूच आलं. शाळेत दर पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे हेच सांगायचे! त्यांचा रोख आमच्याकडे असायचा. लॉकचा रोख राजाकडेही आहे.

सगळ्यात जास्त वेळ 'प्रॉपर्टी' या शब्दाने खाल्ला. माझ्या डोक्यात सातबारा. नवव्या प्रकरणात पोचलो तेव्हा कळलं, की जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता या तिन्हींना मिळून तो हा एकच शब्द वापरतो. मागे जाऊन निम्म्या नोंदी खोडरबराने पुसल्या.

पाचवं प्रकरण सर्वांत रसाळ, आणि टोचतंही तेच. माझं शरीर माझं, म्हणून माझे कष्ट माझे, म्हणून ओकच्या झाडाखाली मी वेचलेली फळं माझी. फक्त इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरायला हवं. पटत जातं. मग २८व्या परिच्छेदात येतं: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेली ढेकळं, दोन्ही माझीच. अहो, मग नोकराचे कष्ट कुणाचे? समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे होते हे नंतर वाचलं, तेव्हा तेच चिन्ह पुन्हा गिरवलं.

मूक संमतीचा भाग मात्र गळी उतरला नाही. राज्याच्या रस्त्यावरून नुसता मोकळेपणी प्रवास केलात तरी त्या सरकारला संमती दिलीत, म्हणे. आमच्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी होतात, ती कशाची संमती धरायची?

भाषेबद्दल तक्रार आहेच. एकेक वाक्य एवढं लांब की अर्ध्यावर चहा गार. गेल्या आठवड्यात थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक सुरू केलं, जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलेलं. १७९१ सालचं, पण माणूस समोर बसून तावातावाने बोलतोय असं वाटतं. कुणी विचारलं तर आधी हे हातात देईन. लॉक त्यानंतर, आणि पेन्सिल घेऊनच.