घरून ऑडिशन पाठवणाऱ्या नटांसाठी बोया बाय-एम१ माइक

मालिकांच्या कास्टिंगची पहिली चाळणी आता बऱ्याचदा मोबाइलवर केलेल्या व्हिडिओवरच लागते. त्यात चेहरा छान येतो, पण आवाज फोनने पाच-सहा फुटांवरून पकडलेला असतो. खोली घुमते, वाक्याच्या शेवटचे शब्द विरतात. नाटकातून आलेल्या, आवाजावर मेहनत घेतलेल्या नटाचं यात फार नुकसान होतं. कॉलरला लावायचा हा वायरचा माइक ते नुकसान टाळतो, तेही फारसा खर्च न करता.

वायर ६ मीटरची आहे, त्यामुळे फोन ट्रायपॉडवर हवा तितका मागे नेता येतो. सोबत क्लिप, स्पंजची टोपी आणि एलआर४४ बॅटरी मिळते. सगळ्यात जास्त घोळ होतो तो वायरवरच्या छोट्या डबीच्या बटणाचा. फोनसाठी ते ‘ऑफ/स्मार्टफोन’कडेच हवं, तेव्हा बॅटरी लागत नाही. ‘कॅमेरा’कडे राहिलं तर बॅटरी उतरते आणि फोन स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत बसू शकतो. म्हणून टेकआधी माइकवर नखाने टिचकी मारून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. टिचकी लांबून आल्यासारखी वाटली तर माइक लागलेलाच नाही. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ अॅपच्या सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडता येतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कनेक्टर डॅकवाला (आत आवाजाची चिप असलेला) आणि माइक चालणारा बघूनच घ्या. साधा प्रत्येक फोनवर चालत नाही.

क्लिप हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मधोमध लावा. कडेला लावली की प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याची बाजू, दाखवताना मान वळते आणि आवाज पडतो. पैठणीची जर घासते, मंगळसूत्र आपटतं, दोन्ही थेट रेकॉर्ड होतं. क्लिपखाली वायरचा छोटा वेढा घेऊन तो कपड्याच्या आतून चिकटपट्टीने बसवा, म्हणजे हातवाऱ्यांचा हिसका माइकपर्यंत पोचत नाही.

चढ्या संवादांत हा माइक कमी पडतो. आवाज कमी-जास्त करायची सोयच त्यावर नाही. ओरडलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. अशा प्रवेशाला क्लिप चार बोटं खाली घ्या आणि चाचणी सर्वांत चढ्या वाक्यावरच करा.

माइक चहूबाजूंचा आवाज घेतो, तेव्हा पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. समोरचे संवाद वाचणाऱ्याने फोनमागे उभं राहून हळू वाचावं. उठून चालायचा प्रवेश असेल तर वायर पायात येते, तिथे बिनतारी माइकच बरा. इंट्रो आणि एका जागच्या प्रवेशासाठी मात्र हा बिनधास्त घ्या.