वाईत पुन्हा राहायला आल्यावर: माझ्या आवडत्या जागा, चारही ऋतूंत वापरून

वाईबद्दल ऑनलाइन जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं महाबळेश्वरला जाता जाता तासभर उतरलेल्यांनी लिहिलेलं असतं. ढोल्या गणपतीचं दर्शन, मेणवलीत फोटो, पुढे पसरणी घाट. तेवढ्यावरून गावाला तारे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. वाई माझं माहेर. लग्नानंतर पुण्यात होते. घरून काम करायची मुभा मिळाली तशी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लेकीला घेऊन इथे राहायला आले, आणि आता पुढचा पावसाळा दारात आहे. लहानपणी ज्या जागांवर नुसतं हुंदडले, त्या या काळात रोजच्या वापरात आल्या. इथल्या प्रत्येक जागेची एक वेळ असते, आणि नेमकी तीच पाहुण्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून जागेबरोबर वेळही सांगते.

सुरुवात घाटांपासूनच. कृष्णेच्या काठाने एकामागून एक सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी. बाहेरच्यांना माहीत असतो तो गणपती आळीचाच. तिथलं महागणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. मूर्ती एकसंध दगडातली आणि इतकी भव्य की सगळे ढोल्या गणपतीच म्हणतात. दर्शन घेऊन लोक वळतात आणि देवळाची खरी करामत बघायची राहून जाते. बाहेर येऊन देवळाच्या मागच्या अंगाला जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आलं की दोन बाजूंना फाटतं आणि गाभाऱ्यावर थेट लोंढा बसत नाही. ऐन पावसाळ्यात, धोम धरणातून पाणी सोडलेलं असताना, मी लेकीला हे लांबून दाखवलं. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि गढूळ पाणी त्या टोकाशी येऊन बरोबर दुभंगत होतं. ती सातवीत आहे. पाठ्यपुस्तकातली आकृती समजावताना मला जे जमत नाही ते त्या भिंतीने पाच मिनिटांत केलं. पुराच्या दिवसांत मात्र घाटावर उतरू नका. लांबूनच बघा, दगड शेवाळलेले असतात.

बाकीच्या ऋतूंचं गणित वेगळं. थंडीत सकाळी आठ-नऊच्या सुमारास पायऱ्यांवर ऊन येतं. तेव्हा चहाचा थर्मास घेऊन बसण्यासारखं सुख नाही. एप्रिल-मे महिन्यांत दगड रात्री आठपर्यंत तापलेला असतो, म्हणून एकतर पहाटे सहाला जायचं, नाहीतर जेवणं उरकून. शनिवार-रविवारी गणपती आळीकडे दुपारी गाडी नेणं म्हणजे डोक्याला ताप. गाडी अलीकडेच लावून आळीतून चालत या. शांत बसायचं असेल तर गणपतीपासून दोन घाट पलीकडे सरका. देवळं तशीच जुनी, पायऱ्या तशाच प्रशस्त, आणि सोबतीला कपडे धुणाऱ्या चार बायका नि अभ्यासाला आलेली एक-दोन पोरं, बस्स.

घाटांचा सर्वांत मोठा उपयोग थंडी उतरता उतरता कळतो, कृष्णाबाईच्या उत्सवात. प्रत्येक घाटाचा आपला उत्सव, आपला मांडव, आपले दिवस. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून तो सुरू झाला असं इथले लोक सांगतात. एका घाटाचे दिवस संपले की दुसऱ्याचे सुरू, त्यामुळे कित्येक आठवडे गावात कुठे ना कुठे कीर्तन, गाणं, नाहीतर प्रसादाची पंगत चालू असते. पुण्यात मी शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसांची आडनावंही नीट सांगू शकले नसते. इथे पंगतीत वाढायला उभी राहिले आणि आळीतल्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तू अमक्याची धाकटी ना? मग आमटीचं भांडं तुझ्याकडे." लेकीला तिथेच मैत्रिणी मिळाल्या. एखाद्या गावाचं परीक्षण लिहिताना ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालायची ते मला सुचत नाही, पण माझ्या दृष्टीने सर्वांत जास्त गुण हिलाच.

आता वाचणाऱ्यांसाठी. तालुक्याच्या गावाच्या मानाने वाईत पुस्तकं आणि विद्वत्ता फार. प्राज्ञपाठशाळा इथली, केवलानंद सरस्वतींनी उभी केलेली. मराठी विश्वकोशाचं संपादन इथूनच झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे. पहिला खंड 1976 चा. आज सगळा कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि शाळेच्या प्रकल्पासाठी लेक तो उघडते तेव्हा मी तिला आवर्जून सांगते की या नोंदी आपल्या गंगापुरीत तपासल्या गेल्या आहेत. माझी रोजची जागा मात्र लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी, दुपारी स्पर्धा परीक्षांची मुलं. मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला चुकवू नका. संध्याकाळी उकाड्यातही लोक वेळेवर येऊन बसतात आणि वक्त्याला नेमके प्रश्न विचारतात. मोठ्या शहरातल्या कार्यक्रमांत मला हे क्वचित दिसलं.

मेणवली गावापासून तीनेक किलोमीटर. मी सायकलने जाते, शक्यतो मधल्या वारी आणि ऊन उतरल्यावर. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. वाडा खाजगी मालकीचा आहे, आत जायला मिळेलच असं धरून चालू नका. घाट पुरेसा आहे. चित्रपटांच्या शूटिंगमुळे तो सगळ्यांना ओळखीचा वाटतो, पण मी जाते ती घंटेसाठी. घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली ही अवजड घंटा वसईच्या मोहिमेतून, म्हणजे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा, मराठ्यांकडे आलेली. जवळ जाऊन नीट बघा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. कृष्णाकाठी, महादेवाच्या शेजारी. संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा ते उठावाचं काम स्पष्ट दिसतं, भर दुपारी देवळीच्या सावलीत ते कळतच नाही.

अजून थोडा वेळ असेल तर धोमला जा. नृसिंहाच्या देवळाच्या आवारात महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवला आहे, आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. पाणी नसेल तर निम्मी मजा जाते, म्हणून पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच जाणं बरं.

पसरणी घाटात बहुतेक जण पाचगणीच्या घाईत असतात. शाहीर साबळे याच पसरणीचे, 1923 चा जन्म. घाटातल्या वळणावर सुरक्षित जागा बघून थांबलात तर एका बाजूला धोमचा जलाशय, खाली वाई आणि समोर पांडवगड असा आमचा सगळा मुलूख एका नजरेत येतो. ऑक्टोबरात, पाऊस नुकताच सरलेला असताना, हवा इतकी स्वच्छ असते की खाली नदीच्या घाटांवरच्या देवळांची शिखरंही ओळखू येतात.

रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. ती जागा नाही, दिवस आहे, पण माझ्या यादीत आहेच. बगाड्या म्हणून निवडलेल्या माणसाला उंच शिडाला टांगून, दगडी चाकांचा तो प्रचंड गाडा बैलजोड्या शेतांमधून ओढत सोनेश्वराकडून बावधनला नेतात. गाडा रुतला की सगळं शिवार श्वास रोखून बघत असतं, हलला की "काशीनाथाचं चांगभलं!" असा गजर उठतो. गर्दी अफाट असते. लहान मुलांना घेऊन जात असाल तर गाड्याच्या वाटेपासून बरंच लांब, शेताच्या बांधावर जागा धरा. पाणी जवळ ठेवा, उन्हाचा तडाखा असतो.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: बाहेर खाण्यापेक्षा बाजारातून आणून घरी करा. पश्चिमेकडचा इंद्रायणी तांदूळ, मोसमात स्ट्रॉबेरी, आणि हळद. हळद दळलेली घेऊ नका. हळकुंडं घ्या आणि समोर दळून आणा. वासातला फरक पहिल्या फोडणीलाच कळतो.

आता तक्रारी. राहायला येणार असाल तर पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्याबरोबर नेटही. मला महत्त्वाच्या मीटिंगला दोन वेळा ओळखीच्यांच्या घरी धावावं लागलं, शेवटी इन्व्हर्टर घेतला तेव्हा सुटले. मोठ्या तपासण्यांसाठी साताऱ्याला किंवा पुण्याला जावं लागतं. घरात म्हातारी माणसं असतील तर याचा आधी विचार करा.

सर्वांत मोठी तक्रार नदीची. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं काठाला सांडपाणी साचतं, जलपर्णी पसरते, आणि काही संध्याकाळी वासामुळे घाटावर बसवत नाही. ज्या नदीचा उत्सव आम्ही इतक्या प्रेमाने करतो तिची ही अवस्था बघून जीव तुटतो. यात पाहुण्यांचाही वाटा आहे. प्रसादाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, द्रोण सोमवारी सकाळी पायऱ्यांच्या सांध्यांत अडकलेले असतात. आमच्या आळीतल्या बायका ते वेचतात, आता मीही त्यांच्यात असते. तुम्ही आलात तर नदीत निर्माल्य टाकू नका, पिशवी परत घेऊन जा. आणि सोमवारी मुक्कामी असाल तर सकाळी साडेसहाला घाटावर या. हातमोजे आमच्याकडे जास्तीचे असतात.