३५ हजारांचा 'अ‍ॅडमिशन चान्स रिपोर्ट' घेण्याआधी हे वाचा

लेक आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे शांत डोक्याने लिहितेय. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परदेशी अ‍ॅडमिशनवाल्या कन्सल्टन्सीकडे आम्ही पॅकेज घेतलं होतं, नाव लिहीत नाही कारण असले रिपोर्ट बरेच जण देतात हे नंतर कळलं. निबंध, फॉर्म, तारखा हे पॅकेजमध्ये, आणि वर वेगळे ३५ हजार भरून हा रिपोर्ट. रिव्ह्यू मुख्यतः रिपोर्टचाच आहे.

तर स्पायरल बाइंडिंगची चाळीसेक पानं, एका युनिव्हर्सिटीला एक पान आणि त्यावर प्रवेश मिळण्याची शक्यता दाखवणारा, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा, लाल-पिवळा-हिरवा. एमआयटीच्या पानावर (आपली कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली) काटा हिरव्यात, ६८ टक्के. लेकीने त्या पानाची झेरॉक्स काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सॅटला (तिकडच्या कॉलेजांसाठीची परीक्षा, १६०० पैकी) १५४०, दहावीला ९६ टक्के, रोबोटिक्स, गणिताच्या ऑलिम्पियाडची पहिली पायरी पार, कन्सल्टन्सीचे सर म्हणाले "प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे मॅडम", आणि आपल्या पोरीबद्दल असं कोणी म्हटलं की कुठली आई उलटे प्रश्न विचारणार, मी पण नाही विचारले.

प्रश्न विचारला माझ्या मावसभावाने, तो न्यू जर्सीला असतो, त्याच्या मुलीचं हे सगळं नुकतंच होऊन गेलं होतं. फोनवर म्हणाला, "ताई, एमआयटी स्वतःच्या साइटवर आकडे टाकते, ते बघितलेस का?" मी बघितले. २०२४ ला जी बॅच आत गेली तिच्यासाठी २८,२३२ अर्ज आले आणि घेतले १,२८४, म्हणजे साडेचार टक्के. आणि हे सगळे धरून. खाली परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भारत, चीन, सिंगापूर, सगळं जग मिळून साधारण दीडशे मुलं. त्यात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची मेडलवाली मुलं असतात. यात ६८ कुठून आले?

सरांना विचारलं तर म्हणाले अल्गोरिदम आहे, मार्क आणि सॅट टाकले की काढतो. इथेच गडबड आहे, कारण इतक्या वर मार्कांनी फरकच पडत नाही. प्रवेश देताना वंश बघतात म्हणून हार्वर्डवर जो खटला चालला त्यात कोर्टासमोर आलेला आकडा मला भावाने दाखवला. २०१९ ला पास होणाऱ्या बॅचसाठी अमेरिकेतल्या अमेरिकेतच साधारण २६ हजार अर्ज, त्यात ३,५०० जणांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी, ८ हजारांहून जास्त मुलांचे शाळेचे ग्रेड पैकीच्या पैकी, आणि जागा दोन हजारांच्या आत. म्हणजे नुसते पैकीच्या पैकी ग्रेडवाले घ्यायचे म्हटले तरी हार्वर्ड चार वेळा तरी भरेल. आपल्याकडे सीईटीचं पर्सेंटाइल आणि मागच्या वर्षीचा कटऑफ शेजारी ठेवला की सीओईपी मिळेल का हे बऱ्यापैकी कळतं, तीच सवय आपण तिकडे घेऊन जातो आणि तिकडे कटऑफ नावाची गोष्टच नसते.

भावाने अजून एक सांगितलं, कॉमन डेटा सेट. तिकडची बहुतेक कॉलेजं दरवर्षी आपल्या प्रवेशाच्या वगैरे माहितीचा हा ठरावीक फॉर्म भरून फुकट टाकतात, युनिव्हर्सिटीचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' एवढं सर्च केलं की पीडीएफ येते. त्यातला 'सी' विभाग उघडा, सी ७ मध्ये कशाला किती महत्त्व देतो याचं टेबल असतं. एमआयटीच्या टेबलात 'अतिशय महत्त्वाचं' या रकान्यात खूण एकाच गोष्टीला, माणूस म्हणून मूल कसं आहे त्याला. मार्क, सॅट सगळं त्याच्या खाली. माझ्या ४० पानांत याबद्दल एक ओळ नव्हती.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्हाला स्कॉलरशिप, म्हणजे तिकडची एड, लागणार होती आणि रिपोर्टच्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नाही! हार्वर्ड, एमआयटी, येल, प्रिन्स्टन परदेशी मुलांना घेतानासुद्धा पैसे मागितले का हे बघत नाहीत, पण स्टॅनफर्ड परदेशी मुलांच्या बाबतीत बघतं, आणि अशी कॉलेजं खूप आहेत. मग एड मागणाऱ्या आणि न मागणाऱ्या मुलाचा काटा सारखा कसा? वर सरांचं म्हणणं दहा ठिकाणी टाका, कुठेतरी लागतंच. चार-चार टक्के दहा वेळा मिळवून चाळीस होत नाहीत हो, जी कमी बाजू एका ठिकाणी नडते ती दहाही फॉर्मांत तीच असते.

एमआयटीचा निकाल १४ मार्चला त्यांच्या संध्याकाळी ६:२८ ला लागतो, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेला पहाटे ३:५८. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर, चहा केलेला तसाच. नाही झालं. ती काही बोलली नाही, कपाट उघडलं आणि ते पान काढताना सेलोटेप निघेना तर नखाने खरवडत बसली, पंधरा मिनिटं तरी. नाकारलं जाण्याचं दुःख तिने पचवलं असतं, पण १०० मधले ६८ सांगितल्यावर पोरीला वाटलं की आपणच काहीतरी घालवलं, आणि ते तिच्या डोक्यातून जायला दिवाळी उजाडली. याचा मला आजही राग आहे.

निबंधाच्या मॅडम मात्र फार चांगल्या होत्या, आजीच्या शिवणाच्या मशीनवर लिहिलेला निबंध त्यांनी सात वेळा परत लिहायला लावला आणि एकही वाक्य स्वतः घातलं नाही. तारखांचं काम पण चोख. त्याला ५ पैकी ४ स्टार, रिपोर्टला १.

रिपोर्टचे पैसे परत मागितले तर धाकट्यासाठी दोन सेशन फ्री देतो म्हणाले, आम्ही नको म्हटलं. निबंधाच्या मॅडम आता स्वतंत्र काम करतात, धाकटा नववीत आहे, वेळ आली तर त्यांच्याकडेच पाठवीन.